पोराशी बोलायचं कसं?

(वारजे माळवाडी येथील मासिक सभेत गटातील एका ताईंनी मांडलेले मनोगत)



आज हप्त्याचं नाही, घरातलं बोलते. दोन वर्षांपूर्वी माझा १६ वर्षांचा मुलगा रात्री उशिरा यायला लागला. जेवणावर मन नाही, डब्यातले पैसे कमी. एका रात्री तोंडाला वास आला आणि माझा तोल गेला. सगळ्या चाळीसमोर ओरडले, "बापाच्याच वळणावर गेलास!" पोरगं दोन दिवस घरी आलं नाही. मला खरं तर भीती वाटत होती, पण त्याला माझा रागच दिसला.

तेव्हा गटातल्या ताई म्हणाल्या, "हप्ता चुकला तर आपण बाईला चोर म्हणतो का? आधी अडचण विचारतो. हप्ता मात्र सोडत नाही." घरीही तसंच करायचं ठरवलं.

नशेत असताना बोलू नका. सकाळी, दोघंच असताना बोला. पाहिलं तेवढंच सांगा, "डब्यातले दोनशे रुपये कमी आहेत. मला तुझी काळजी वाटते." मग गप्प बसा. माझा मुलगा तिसऱ्या दिवशी बोलला. बियरपासून सुरुवात झाली होती, मग गांजा.

लाल डोळे म्हणजे नशाच, असं धरू नका. जागरण असेल, मनाचं दुखणंही असेल. मारू नका, शपथा घालू नका. पण त्याची उधारी फेडू नका आणि शाळेत खोटं सांगून पांघरूणही घालू नका. बेशुद्ध पडला, श्वास मंद झाला, तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आपल्या पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केलं. तिथे व्यसनाला आजार मानतात, घरच्यांनाही समजावतात. १४४४६ हा सरकारी मोफत फोन आहे. आम्ही मायलेकांनी तो मिळूनच लावला. आणि १८ वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कायद्याने ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हेही लक्षात ठेवा.

सगळं सुटलं असं म्हणणार नाही. गेल्या दिवाळीत तो एकदा घसरला. पण या वेळी मला वास घ्यावा लागला नाही. त्यानेच येऊन सांगितलं.