बालवाडीची खोली कोणाच्या उंचीची?



जूनच्या मध्यास शाळा उघडतात. त्यापूर्वी बालवाडीची खोली तयार करावयाची असते. तयारी म्हणजे झाडलोट आणि चुना, असा आपला समज. माझाही होता.

काही वर्षांपूर्वी ही जबाबदारी मजकडे आली. मी बाजारातून रंगीत तक्ते आणले आणि लावले, ते माझ्या डोळ्यांच्या उंचीवर! पहिल्या दिवशी एक चिमुरडी दाराशीच उभी राहिली. आठ दिवस ती एक शब्द बोलली नाही. तक्त्यावरचे जहाज तिने कधी पाहिले नव्हते आणि माझी पुस्तकी मराठी तिच्या घरात कोणी बोलत नव्हते. नवव्या दिवशी मोजणीसाठी मी हळकुंडे ठेवली. ती पुढे आली, मूठ भरली आणि म्हणाली, "हल्दी! हमारे घर में बी है." हिंगोली-वसमतकडच्या लेकराला हळद अनोळखी कशी असेल? तोवर माझ्या खोलीत तिच्या ओळखीचे काहीच नव्हते, हे मला तेव्हा उमगले.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे हेच ओळखले होते. महागड्या साधनांऐवजी त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने वापरली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच 'अंगणवाडी' आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ते नाव देशभर नेले.

तेव्हा मंडळी, खोली मुलाच्या उंचीवर बसून पाहा. चित्रे त्याच्या डोळ्यांसमोर, खुंट्या त्याच्या हाताशी, पाण्याचा पेला त्याला घेता येईल असा हवा. रिकामे डबे, चिंध्यांच्या बाहुल्या, हळकुंडे घरोघरी मिळतात. चिंचोके मात्र मुले नाकात घालतात. ते मोठ्यांच्या देखतच द्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, खुंट्या ठोकण्यास एक दिवस द्या. माता-भगिनींनो, पहिल्या आठवड्यात तासभर येऊन आपल्या घरच्या बोलीत एखादी गोष्ट सांगा. मुलाला धीर येईल. मराठी आणि इतर सारे मागाहून येईलच.

ती मुलगी आज पाचवीत आहे. यंदाही कोणी लेकरू दाराशी थबकेल. त्याला ओळखीचे असे आत काय ठेवावयाचे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवू या.