सुपारींतील तांबें आणि कर्करोग

मनुष्याच्या देहांत तांबें असतें असें सांगितलें तर पुष्कळांस हसूं येईल. पण तें असतें, आणि त्यावांचून आपलें चालतही नाहीं. प्रौढ माणसाच्या सर्व शरीरांतलें तांबें एकत्र केलें तरी सुमारें १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही भरत नाहीं. जस्त दोन-तीन ग्रॅम असतें. एवढ्या अल्प द्रव्यांचा कर्करोगाशीं काय संबंध, हें पाहण्यास दूर जावयास नको. जालन्यांतील कोणत्याही पानाच्या टपरीपर्यंत गेलें तरी पुरे.

सुपारी आपल्याकडे मंगल मानलेली. ती फुटल्यावांचून सोयरीक पक्की होत नाहीं. परंतु तिच्यांत तांबें बरेंच असतें, आणि चघळूं लागतांच कांहीं मिनिटांत तें लाळेंत उतरतें. गालाच्या आंतल्या आवरणाखालीं कोलॅजन नांवाचे तंतू असतात. त्यांस एकमेकांशीं जखडणाऱ्या एंझाइमला काम करण्यास तांबेंच लागतें. रोज रोज तें मिळत गेलें, सुपारींतील इतर द्रव्यांची त्यांत भर पडली, कीं हे तंतू दाट व ताठर होतात, गाल आंतून पांढुरके पडतात, तिखट सोसवत नाहीं आणि तोंड उघडेनासें होतें. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पांच हिंदी स्त्रियांच्या तोंडांत हा विकार श्वार्ट्झ यांनीं प्रथम वर्णिला; पुढल्याच वर्षीं आपल्या देशांत जोशी यांनीं. अशा रोग्यांपैकीं कांहींस पुढें कर्करोग होतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००३ सालीं दिला. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. रिकाम्या पुड्या मात्र रस्त्यावर दिसतातच.

मग रक्तांतील तांबें मोजून कर्करोग ओळखतां येईल काय? पुष्कळ रोग्यांच्या रक्तांत तांबें वाढलेलें व जस्त घटलेलें आढळलें, तेव्हां संशोधकांस तशी आशा वाटली होती. परंतु रक्तांतलें बहुतेक तांबें ज्या प्रथिनास चिकटून फिरतें, तें प्रथिन यकृत कोणत्याही दाहांत अधिक तयार करतें. साध्या जंतुसंसर्गांत तांबें वाढतें, गर्भारपणांतही वाढतें. तेव्हां असल्या आंकड्यावरून कर्करोग आहे किंवा नाहीं हें सांगणाऱ्यावर विसंबूं नये. गोळ्यांचीही तीच कथा. अमेरिकेकडे २००१ पासून ३५ हजारांवर पुरुषांवर सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांचा प्रयोग झाला. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळत नाहीं असें दिसल्यावर २००८ सालीं गोळ्या थांबविल्या.

घरीं करण्याजोगी एक परीक्षा मात्र बिनखर्ची आहे. आपलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून तोंडांत जातात कीं नाहीं, हें सुपारी खाणाऱ्यानें पाहावें. जात नसतील, किंवा तोंडांतला व्रण दोन आठवड्यांत भरून येत नसेल, तर सुपारी त्याच दिवशीं सोडावी आणि दंतवैद्यास दाखवावें. जालन्याहून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरांत, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथें संशयास्पद जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. निदान त्यावरूनच ठरतें.