नंबर घ्यावा की न घ्यावा?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तीन-चार पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. गावात एकट्याच्या नावावर छोटे दुकान टाकले आहे, विक्रीकराचा नंबर काढायचा की नाही? 1959 चा विक्रीकर कायदा गेला, 2005 साली व्हॅट आला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आहे. आपल्याकडे अजून विक्रीकरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

1991 साली शेगावला चतुरंग शेती मांडली, त्यात माजघरशेती होती आणि व्यापारशेतीही होती. तेव्हा पोरगा दुकानात बसला तर तो शेतीतून पळाला असे मी मानत नाही. पण कागदाची धास्ती आपल्या हाडात मुरलेली. एक जण नंबराच्या भीतीने धंदा वाढवत नाही; दुसरा एजंटाने सांगितले म्हणून नंबर काढतो, विसरून जातो आणि नोटीस आली की माझ्याकडे येतो.

आधी घरच्या मालाचे बघू. स्वतःच्या शेतातला कापूस, ज्वारी, तूर विकणाऱ्या शेतकऱ्याला नंबर लागत नाही. कापसावर 5 टक्के कर आहे, पण शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसाचा कर 15 नोव्हेंबर 2017 पासून नंबर असलेल्या खरेदीदाराने भरायचा आहे. तो पुढच्या करातून त्याला वजाही मिळतो. म्हणून पट्टीत कोणी ‘जीएसटी कपात’ असा आकडा लिहिला, तर तिथेच पट्टी धरा आणि हिशेब मागा.

आता व्यापाऱ्याचे. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नंबराची सक्ती नाही. मालाबरोबर पंप दुरुस्तीसारखे सेवेचे कामही करत असाल तर मर्यादा 20 लाख धरा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, इथे बरेच जण फसतात. गावात कापूस घेऊन जिनिंगला घालणाऱ्याचा हिशेब करा. क्विंटलला 7,000 रुपये धरले तर 571 क्विंटलमध्ये 40 लाख संपले. क्विंटलमागे 100 रुपये सुटले तर हाती आले 57 हजार, आणि कायद्याच्या दृष्टीने हा मोठा व्यापारी झाला! मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. नाही केला तर कर खिशातून जातो, वर दंड 10,000 रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यातला जो जास्त असेल तो.

कृषी केंद्रवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बियाण्यावर कर नाही, म्हणून ते मोजायचे नाही, असे नाही. बियाणे 12 लाख, खत 20 लाख, औषधे 9 लाख, बेरीज 41 लाख. नंबर लागला. मात्र फक्त सुटी ज्वारी, सुटी डाळ, म्हणजे कर नसलेलाच माल विकत असाल, तर कोटीची उलाढाल झाली तरी नंबर लागत नाही. त्याच ज्वारीचे पीठ लेबल लावून एक किलोच्या पुडीत भरले की 5 टक्के कर आला. बचत गटाच्या बायांनी घाबरू नये, त्यांनाही 40 लाखांची मर्यादा आहेच.

मग मर्यादेच्या आत असलेल्याने आपणहून नंबर घ्यावा का? याचे उत्तर गिऱ्हाइकाला विचारा. एका पोराचे बेअरिंगचे दुकान आहे. बेअरिंगवर 18 टक्के कर. त्याला 100 चा माल 118 ला पडतो. 30 रुपये सुटावेत म्हणून तो शेतकऱ्याला 148 ला देतो. नंबर काढला तर 130 वर 23 रुपये 40 पैसे कर लावून 153 रुपये 40 पैशांना द्यावा लागेल. शेतकऱ्याला त्या कराची वजावट कुठून मिळणार? तो दुसऱ्या दुकानात जाईल. पण तेच बेअरिंग जिनिंगवाल्याला हवे असेल तर गोष्ट उलटी होते. नंबर असलेल्या दुकानदाराच्या बिलावरचे 23 रुपये 40 पैसे त्याला वजा मिळतात, बेअरिंग 130 लाच पडते. बिननंबरी पोराकडून घेतले तर 148. तो कशाला घेईल? सगळे गिऱ्हाईक गावचे असेल तर नंबर घेऊ नका, कारखाने आणि मोठे दुकानदार असतील तर चार लाखांच्या धंद्यालाही घ्या. माझे मत असे स्पष्ट आहे.

मधली वाट आहे, तिला कंपोझिशन म्हणतात. दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला करपात्र विक्रीवर 1 टक्का, पैसे तिमाहीला, विवरणपत्र वर्षाला एक. पण तो टक्का आपल्या खिशातला, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरचा कर वजा मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. मर्यादा ओलांडलेल्या गावच्या दुकानाला ही वाट बरी.

राज्याबाहेरचे म्हटले की सीमेवरचे भाऊ कान टवकारतात. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस सीमेपलीकडे नेला तर गुन्हा व्हायचा. आता शेतकऱ्याला अडथळा नाही, पण दुकानदाराने आदिलाबादला करपात्र माल विकला तर पहिल्या रुपयापासून नंबर लागतो, तिथे 40 लाखांची सवलत नाही.

नंबर काढायला सरकारी फी नाही. खर्च पुढे आहे. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र द्यायचे. विसरलात तर दिवसाला 20 रुपये, एका विवरणपत्राला 500 पर्यंत. महिन्याचे असेल तर वर्षाला 6,000, धंदा एक रुपयाचा नसताना! दुकान बंद झाले तर नंबर रद्द करायचा अर्ज द्या आणि शेवटचे विवरणपत्र तीन महिन्यांत भरा. नुसते कुलूप लावून चालत नाही.

आणि कोणी कर्ज देतो, अनुदान देतो म्हणून आधार, पॅन आणि विजेचे बिल मागितले तर देऊ नका. अशा कागदांवर गरिबाच्या नावाने नंबर काढून खोटी बिले फाडण्याचे धंदे झाले आहेत. नोटीस मात्र शेतकऱ्याच्या दारात येते.

ज्यांच्याकडे नोटिसा आल्या आहेत त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या मागे बसावे. येताना खरेदीची बिले आणि मोबाइल आणा, पासवर्ड एजंटाकडे असेल तर त्याला आत्ताच फोन लावा.