चिप घडविणारे मूळचे कोण?

(एका ग्रामीण महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



विज्ञान मंडळाचे उद्घाटन कला शाखेच्या एका पदवीधराच्या हस्ते व्हावे, यात थोडा विनोद आहेच. परंतु सभागृहात येताना तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाने मला भाषणाची सुरुवात आयतीच मिळाली. ती रसायनशास्त्र शिकते. "सर, आम्ही अभियांत्रिकीला गेलो नाही. चिपच्या क्षेत्रात आम्हांला कोण घेणार?" असे तिने विचारले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ७६,००० कोटी रुपयांचा अर्धवाहक कार्यक्रम मंजूर केला, तेव्हापासून हा प्रश्न मी अनेक ठिकाणी ऐकला आहे.

या विषयाच्या आद्य पुरुषांची प्रमाणपत्रे मागवून पाहिली, तर आपली मोठीच गंमत होईल. जॉन बार्डीन यांनी विस्कॉन्सिन येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्यानंतर काही वर्षे ते एका तेल कंपनीत भूभौतिकीचे काम करीत होते, म्हणजे जमिनीखालच्या तेलाचा माग काढीत होते. ती नोकरी सोडून ते प्रिन्स्टनला गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी गणिती भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळविली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉल्टर ब्रॅटन यांच्यासह त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. १९५१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले, तेही विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशा दोन्ही विभागांचे.

तेथे त्यांना लाभलेला पहिला विद्यार्थी निक होलोनियाक हा कोळसा खाणीत राबणाऱ्या स्थलांतरित मजुराचा मुलगा. त्याने स्वतः रेल्वेमार्गावर अंगमेहनतीचे काम केलेले होते. निर्वात नळ्यांवरील संशोधन सोडून तो बार्डीन यांच्या प्रयोगशाळेत आला. त्या काळी हे धाडसच म्हणावयाचे, कारण नळ्यांचा धंदा भरभराटीत होता. याच होलोनियाक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला आणि १९६३ मध्ये ते आपल्याच विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले.

आता रसायनाकडे वळू. अँडी ग्रोव्ह हे हंगेरीतून आलेले निर्वासित. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून त्यांनी १९६० मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९६३ मध्ये बर्कले येथे त्याच विषयात डॉक्टरेट मिळविली. सिलिकॉन तापविले असता त्यावर ऑक्साइडचा थर किती वेळात किती जाड होतो, याचे गणित त्यांनी ब्रूस डील यांच्यासह १९६५ मध्ये मांडले. ते आजही वर्गात शिकविले जाते. त्यांचे सहकारी गॉर्डन मूर हेही रसायनशास्त्राचेच डॉक्टरेट होते. यात नवल नाही. चिप तयार होताना सिलिकॉनची चकती धुवावी लागते, तापवावी लागते, तिच्यावर प्रकाशसंवेदी लेप द्यावा लागतो, नको तो भाग आम्लाने वा वायूने खरवडावा लागतो. हे बहुतांशी रसायनशाळेचेच काम आहे!

मंडलांच्या आराखड्याची बाजू मात्र वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे गणित व संगणकशास्त्रावाचून पाऊल पडत नाही. तेथेही पाट्या पाहून प्रवेश नव्हता. लिन कॉनवे यांच्याजवळ पीएच.डी. नव्हती. उद्योगक्षेत्रातील संशोधनाच्या बळावर १९७८ मध्ये त्यांनी एमआयटीत चिप-रचनेचा अभ्यासक्रम शिकविला. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप प्रत्यक्ष तयार करून त्यांच्या हाती देण्यात आल्या. त्यांतील गाय स्टील हा विद्यार्थी मूळचा उपयोजित गणिताचा पदवीधर होता; त्याने लिस्प या संगणकभाषेसाठी एक प्रक्रियक आखला होता.

आपल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत काय दिसते? प्रा. जुझर वासी तेथूनच १९६९ मध्ये पदवीधर झाले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन पुढे तेथेच शिकवू लागले. प्रा. दिनेश शर्मा यांची डॉक्टरेट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील. ग्रनोबल आणि नॉर्थ कॅरोलायना येथील प्रयोगशाळांचा अनुभव घेऊन ते पवईस आले. प्रा. रामगोपाल राव वरंगळहून अभियंता झाले, पवईला एम.टेक. आणि म्युनिकला डॉक्टरेट करून परतले. तेथे २००६ मध्ये सुरू झालेल्या नॅनो-इलेक्ट्रॉनिकी केंद्राने बाहेरच्या संस्थांतील संशोधकांनाही आपली उपकरणे वापरू दिली.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे: बी.एस्सी.नंतर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा आहे, पुढे 'गेट' आहे. अटी संस्थेगणिक आणि वर्षागणिक बदलतात. म्हणून माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर अर्ज करण्याचे टाळू नये. दरम्यान गणित सोडू नये. ती पहिल्याच रांगेत बसली आहे. पुढचा प्रश्न तिनेच विचारावा.