दात दाखवायला आलेले बाबा



सेमाडोहच्या दंत शिबिरात एक कोरकू बाबा आले. हिरड्यांतून रक्त, दोन दात हलत होते. मी त्यांना तंबाखूवरून चांगलंच सुनावलं. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर!

मधुमेह शहरातल्या सुखवस्तूंचा, हा समज माझाच होता. साखर वाढली की हिरड्या खराब होतात, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखरही लवकर आटोक्यात येत नाही. पण बोटाच्या थेंबावर शिक्कामोर्तब होत नाही. शिरेतलं रक्त तपासावं लागतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, तोही शक्यतो दोनदा तपासून.

बाबा म्हणाले, "दात काढा, तेवढ्यासाठीच आलो." दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी धारणीच्या रुग्णालयात गेलो. पुढच्या शिबिरासाठी साखर तपासायच्या पट्ट्या हव्या आहेत.