स्पूलमधला तानपुरा

जुन्या गाण्याची टेप सापडली म्हटलं की कोल्हापूरकर कान टवकारतो, आणि ते साहजिकच आहे. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांचं गाणं ऐकायला आज एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या तबकड्या आहेत, पण एका बाजूला मिनिटं मावायची तीन-साडेतीन. त्यांच्या जयपूर घराण्याचा विलंबित ख्याल तेवढ्यात उलगडणार कसा? खाँसाहेबांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर, इथलेच निवृत्तीबुवा सरनाईक, यांच्या पिढीची ऐसपैस मैफल टिपली ती स्पूलवरच्या टेपेनं. आकाशवाणीनं, तशीच घरोघरच्या हौशी रसिकांनीही.

माळ्यावर स्पूल सापडला की लोक जुनं मशीन झटकतात आणि लावून बघतात. कृपा करून बघू नका. आधी स्पूल उजेडापुढे धरा. गुंडाळलेल्या टेपेतून उजेड आला तर ती ॲसिटेटची. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती कुजू लागली आहे. ती ठिसूळ असते, पण तुटली तर सरळ तुटते आणि जोडता येते. पॉलिस्टरची टेप ताणली जाते. ताणलेला सूर परत मिळत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचं दुखणं वेगळंच. लोहकण धरून ठेवणारा लेप हवेतली ओल पितो आणि चिकटतो. मशीनवर अशी टेप किंचाळते, हेडवर तपकिरी थर सोडते. तो थर म्हणजे खरवडून निघालेलं गाणंच! जाणकार तिला साधारण ५४ अंशांच्या स्थिर उबेत कित्येक तास ठेवतात. मग काही दिवस ती वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. ॲसिटेटला ही ऊब चालत नाही, आणि घरच्या ओव्हनचं तर नावच नको.

टेप महाग, म्हणून वेग सेकंदाला साडेसात इंचांऐवजी पावणेचार ठेवायचे. बाराशे फुटांत एका बाजूला तासभर गाणं बसे. पण तेव्हाचं मशीन मंद चाललं असेल तर आज गायकाची पट्टी चढते. खरी पट्टी शोधायला टेपवर उतरलेली विजेची गुणगुण कामी येते. ती सेकंदाला ५० आवर्तनांची. टेपवर ५२ भरली तर वेग चार टक्के जास्त, म्हणजे काळी एक पांढरी दोनकडे सरकलेली. वीजही तेव्हा डळमळायची, म्हणून साथीच्या हार्मोनियमचीही साक्ष काढावी.

माझं खरं भांडण आहे ते ‘साफसफाई’शी. खरखर काढायला संगणकाला नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा सोयीचा वाटतो, पण आपल्या मैफलीत तिथे तानपुरा आधीच बोलत असतो. संगणक त्यालाच खरखर समजतो आणि पुढे तासभर तानपुऱ्याची जवारी, त्याची गुंजती झणझण, पुसत जातो. उरतो तो गायक, कोरड्या पोकळीत उभा केलेला. अशी ‘स्वच्छ’ मैफल ऐकण्यापेक्षा मी सळसळ पत्करेन. साफ प्रत हवी तर जरूर करा, पण आधी टेपवर आहे तसं, दाद आणि खोकल्यासकट, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून ठेवा. आणि त्यानंतरही मूळ स्पूल रद्दीत घालू नका.