त्याग कुणाचा, नाव कुणाचं



सकाळपासून या मांडवात मिशनऱ्यांचे उपकार मोजणं चाललंय. छापखाना, शाळा, दवाखाना, व्याकरण, कोश. यादी आपल्याला आता उपासनेसारखी पाठ झाली आहे. एका वक्त्यानं उत्साहाच्या भरात मोल्सवर्थलाही मिशनऱ्यांत बसवलं. तो कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी होता. 1831 चा त्याचा कोश मोठा आहे, पण तो मिशनच्या खात्यावर जमा करू नका. आपल्याकडं जमा करायला खरं पुष्कळ आहे.

मांडवाबाहेर दुसरा एक वर्ग आहे. त्याला मिशनरी म्हटला की फक्त धर्मांतराचा डाव दिसतो. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी परवा मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही अध्यक्ष म्हणून त्यांची बाजू मांडणार का?" मी म्हणालो, मांडणार नाही, आणि तुमचीही मांडणार नाही. स्तुती करणारे आणि शिव्या देणारे, दोघंही इतकी वर्षं एकाच माणसाकडं बघत आलेत: हॅट घातलेल्या साहेबाकडं. साहेबाच्या मागं घर होतं, घरात बाई होती, पाळण्यात लेकरू होतं. त्याग केला म्हणून आपण ज्याला हार घालतो, त्याच्या त्यागाचं बिल कुणी भरलं, हे आपण कधी विचारलं नाही. मला आज तेवढंच विचारायचं आहे.

1812 च्या फेब्रुवारीत हॅरिएट न्यूएल नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर अमेरिकेतून जहाजात बसली. आपल्या मुली त्या वयात इथं लातुरात नीटची तयारी करत असतात. कलकत्त्याला पोचल्यावर कंपनी सरकारनं या लोकांना थारा दिला नाही. नवराबायको मॉरिशसकडं निघाली. वाटेत भर समुद्रात तिला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. 30 नोव्हेंबर 1812 ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. वय एकोणीस. ज्या मोहिमेतून पुढं मुंबईची आणि अहमदनगरची मराठी मिशन उभी राहिली, तिच्यातला हा पहिला बळी. आणि या मुलीनं मराठी मुलूख डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

आता पुढचं ऐका. तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि अमेरिकेत ते घरोघरी वाचलं गेलं. त्या मरणानं मिशनला देणग्या मिळाल्या, नव्या मुली मिळाल्या. मरण खपतं, मंडळी. आपल्या स्मरणिका काढणाऱ्यांनाही ते माहीत आहे. तिचा नवरा सॅम्युअल 1814 मध्ये मुंबईला पोचला आणि 1821 मध्ये पटकीनं गेला.

त्याचा सोबती गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला होता. आपण त्याला अमेरिकन मराठी मिशनचा संस्थापक म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. 1825 मध्ये त्याची बायको मार्गारेट दोन आजारी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, कारण इथल्या हवेत ती जगतील असं वाटेना. त्यातलं एक वाटेतच दगावलं. 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिकच्या बाजूला पत्रिका आणि औषधं वाटत हिंडत होता. पटकी झाली आणि एका खेड्यात तो गेला. त्या काळी बातमी समुद्र ओलांडायला महिने घेई. त्या बाईनं परदेशातल्या नवऱ्यासाठी किती दिवस प्रार्थना केली असेल, जेव्हा तो मातीत गेलेला होता? मिशनच्या इतिहासात तिच्या वाट्याला दोन ओळी आहेत. मला त्या दोन ओळींचं पुस्तक हवंय.

जॉन विल्सन सगळ्यांना माहीत. मुंबईच्या कॉलेजला त्याचं नाव आहे. 1829 मध्ये त्याच्याबरोबर आलेल्या मार्गारेट विल्सननं मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, मराठी शिकली आणि 1835 मध्ये तिथंच मेली. मुलगा अँड्र्यू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. तो स्कॉटलंडमध्ये वाढला. बाप मुंबईत दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिला. अँड्र्यू मिशनरी झाला नाही. पत्रकार झाला, हिमालय हिंडला, त्यावर पुस्तक लिहिलं. मला तो मुलगा बापापेक्षा जास्त कळतो, हे मी व्यासपीठावरून सांगतोय, इथं बसलेल्या पाळकसाहेबांनी माफ करावं.

मग इथं राहिलेली मिशनऱ्यांची मुलं वाढवली कुणी? आयांनी. घरी कामाला ठेवलेल्या मराठी आयांनी. साहेबांच्या पोरांना अंगाईबरोबर मराठी पाजली ती यांनी. कितीतरी मिशनरी लेकरं इंग्रजीच्या आधी मराठी बोलत. साहेबांनी मायदेशी लिहिलेल्या पत्रांत मेलेल्या प्रत्येक बाळाचं नाव असतं, वय असतं, कबरीची जागा असते. आयेचं नाव क्वचित असतं, आणि साहेबाच्या पोराला झोपवताना तिचं स्वतःचं पोर कुठं होतं, हे तर कधीच नसतं. परदेशातल्या कुटुंबांवर मिशनचा काय परिणाम झाला असं कुणी विचारलं, तर त्या उत्तरात आमची आयाही बसवा. तिचं घर परदेशात नव्हतं. परदेश तिच्या घरात आला होता.

आणि ही मुलं परत आली, हे तर आणखीच विलक्षण. रॉबर्ट अॅलन ह्यूम मुंबईत 1847 ला जन्मला. 1854 मध्ये बाप समुद्रात वारला, आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला गेली. ज्या देशाला घर म्हणायचं तिथं हा मुलगा परका आणि ज्या देशात जन्मला तिथं साहेब. 1874 मध्ये तो भारतात परत आला आणि नगरला पुढच्या मोठ्या दुष्काळांत राबला. नारायण वामन टिळकांना 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा देणारा जस्टिन अॅबट मिशनरीचाच मुलगा. पुढं महिपतीचा भक्तविजय त्यानं इंग्रजीत नेला. कोल्हापूरच्या रॉयल वाइल्डरचा मुलगा रॉबर्ट तिथंच 1863 ला जन्मला. 1886 मध्ये अमेरिकेत त्यानं विद्यार्थ्यांची अशी चळवळ उभी केली की तिच्यातून हजारो तरुण जगभर मिशनला गेले. पंचगंगेकाठच्या एका पोरानं केवढी घरं हलवली! हे सगळे बापाच्या पावलावर गेले म्हणून आपण कौतुक करतो. मला विचाराल तर त्यातले काही जण आपलं हरवलेलं घर शोधायलाही आले असतील. ते घर त्यांना आयेच्या भाषेत सापडलं असेल. हे माझं मत आहे. पुरावा मागू नका, कागद वाचा.

आता परकी माणसं सोडू. आपल्या पंडिता रमाबाई. त्यांच्यावर बोलायला मला भीती वाटत नाही, कारण मी त्यांना मराठीतल्या सगळ्यात मोठ्या माणसांत मोजतो. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, कडेवर दोन वर्षांची लेक मनोरमा. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथल्या वँटेज गावी आत्महत्या केली. काही दिवसांतच, 29 सप्टेंबरला, आईलेकींचा बाप्तिस्मा झाला. या दोन गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत. आपल्या चरित्रांत त्या वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात. पुढं मुलीला कोणता धर्मविचार शिकवायचा यावरून रमाबाई आणि वँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून जुंपली. ती पत्रं वाचा. इतकी स्वाभिमानी आई त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरी नाही. आणि तरीही रमाबाई अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होत्या तेव्हा ते लेकरू बराच काळ वँटेजला सिस्टरांकडं होतं. सिस्टरला ती आजीबाई म्हणायची. मनोरमा मोठी झाली, शिकायला पुन्हा समुद्रापार गेली, परतली, आईच्या कामाला जुंपली. तिनं गुलबर्ग्यात मुलींची शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात. 1921 मध्ये ती चाळिशीत गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ मुलींना आई मिळाली. मनोरमेला ती किती मिळाली? हा प्रश्न विचारला म्हणून रमाबाई लहान होत नाहीत. न विचारणारे आपण लहान होतो.

एकीनं मात्र स्वयंपाकघरातून बोट दाखवलं. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. देवाच्या नादात पगार वाटून टाकणारा नवरा, विचारल्याशिवाय धर्म बदलणारा नवरा, आणि मागं राहिलेली बायको. मिशनच्या कामाचा आतला जमाखर्च मराठीत त्यांच्याइतका कुणी मांडला नाही. आपण काय केलं? हसलो. "किती विनोदी लिहितात हो लक्ष्मीबाई!" मराठी समीक्षेनं त्यांच्या आत्मचरित्राला इतकं डोक्यावर घेतलं की त्यातली तक्रार कुणाला ऐकूच आली नाही.

आता आपल्या मराठवाड्यावर येतो, कारण इथं दुखणं वेगळं आहे. 1843 मध्ये नारायण शेषाद्री नावाचे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत, पोरवयाचा, तोही मिशनऱ्यांकडं गेला. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं पोरगा बापाच्या हवाली केला. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले तर त्यांच्यावरच पंचायत बसली. एका ब्राह्मण घराचे दोन तुकडे झाले. हेच नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले आणि जवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथं आली ती मुख्यतः मांग समाजाची कुटुंबं, आणि ती एकएकटी नाही, भावकीसकट आली. म्हणजे वरच्या जातीचं घर धर्मांतरानं फुटलं आणि खालच्या जातीची घरं त्याच धर्मांतरानं एका वस्तीत जमली. हा फरक धर्मांतराच्या नावानं गळे काढणाऱ्यांनी आधी समजून घ्यावा.

पण ही जमलेली घरं 1950 मध्ये कागदावर फुटली. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत जागा राहिली नाही. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच. परिणाम तुम्हाला माहीत आहे, मी फक्त तो मोठ्यानं बोलतोय. एका भावाच्या दाखल्यावर हिंदू मांग, दुसऱ्याच्या दाखल्यावर ख्रिस्ती. रविवारी प्रभुभोजनाला बसायचं आणि सोमवारी तहसीलमध्ये दुसरं नाव सांगायचं. पोराला घरी मोशे म्हणायचं आणि शाळेत महेश घालायचं. दलित साहित्यानं या घराकडं पाहिलं नाही, ख्रिस्ती साहित्यानं लाजेनं पाहिलं नाही. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठंही जा, हे घर सापडेल. त्यावर कादंबरी का नाही? इथं बसलेल्या लेखकांनी मला संध्याकाळी चहाला भेटून कारण सांगावं.

आणि कृपा करून मिशनऱ्यांच्या पोरांबद्दल ऐकून उसासे टाकू नका. 1854 मध्ये मसुरीजवळ लंढौरला वुडस्टॉक शाळा निघाली, 1901 मध्ये कोडाईकनालला निघाली. डोंगरावर पोरं ठेवायची, मैदानात आईबापांनी काम करायचं. क्रूर वाटतं ना? मग रविवारी सकाळी लातूरच्या बसस्थानकावर या. नांदेड, परभणी, धाराशिवच्या खेड्यांतून पोरांच्या आया उतरतात. हातात पिशवी, पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, धुतलेले कपडे. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं, शिकवणीसाठी इथं ठेवलेलं. ते खोलीच्या दारात येतं, पिशवी घेतं, "टेस्ट आहे" म्हणतं. आई जिन्यात बसून राहते. दोन वाजताच्या गाडीनं परत. याला आपण लातूर पॅटर्न म्हणतो आणि निकालाच्या दिवशी पेपरात फोटो छापतो. मिशनरी बाप म्हणायचा, देवासाठी. आपण म्हणतो, बाळा, तुझ्याचसाठी. दोन्हींच्या पुढं पोरगं निरुत्तर होतं.

ज्यांना राग आला असेल त्यांनी यावा, मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे. मी सगळ्यांना एकाच मापानं मोजत नाही. मिशनरी आले नसते तर आमच्या आजोबांच्या हातात पाटी आली नसती, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण पाटी दिली म्हणून पाटी देणाऱ्याच्या बायकोचं नाव पुसायचा परवाना कुणाला मिळत नाही.

आयोजकांनी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितला आहे. देईन, पण अट घालतोय, आणि सर्वांसमोर घालतोय म्हणजे नंतर फिरवता येणार नाही. पहिल्या पानावर पाळकांचे फोटो नकोत. ज्या घरातले पाळक, सुवार्तिक, शिक्षक, नर्स गावोगाव आणि देशोदेशी गेले, त्या घरात मागं राहिलेल्यांकडून एकेक पान लिहून घ्या. पाळकाच्या बायकोकडून घ्या. वसतिगृहात वाढलेल्या पोरांकडून घ्या. आखातात नर्स असलेल्या मुलीच्या नवऱ्याकडून आणि लेकराकडून घ्या. लिहिता येत नसेल तर बसून ऐका आणि उतरवा. त्यांनी मिशनला शिव्या दिल्या तर शिव्याही छापा, शुद्धलेखन तपासून. अशी बावीस पानं भरली नाहीत तर माझा लेख घालू नका.